देवाआधी घास नाही

अहो,

नाही, उद्या काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही. उद्या तुमचं वर्षश्राद्ध. पानं उठली की मी चार माणसांत उभं राहून तुमच्याबद्दल बोलायचं, असं तुमच्या लेकानं परस्पर ठरवून टाकलंय. "आई, लिहून काढ, म्हणजे अडायला होणार नाही," म्हणाला, आणि कोरी वही पुढ्यात टाकून गेला मारतहळ्ळीला, त्याच्या घरी. बसले लिहायला, तर लोकांसाठी काही सुचेना. सातवी शिकलेली बाई मी, निपाणीकडच्या शाळेतली. मला एकच पत्र लिहिता येतं, तुम्हाला.

पहिलं वाक्य मात्र प्रशांतनंच सांगून ठेवलंय. "अण्णांनी एवढं कमावलं, पण देवाआधी कधी घास घेतला नाही." तेच तुमच्या फोटोखाली छापून कारखान्यात लावणार म्हणे. मला ते म्हणवत नाही. का, ते तुम्हालाही ठाऊक नाही.

यशवंतपूरची खोली आठवते का? पुढे एक लेथ मशीन, मागे स्टोव्ह. देवाचं ताट म्हणजे भात, वरण आणि वर तुळशीचं पान. तुम्ही ताटाभोवती पाणी फिरवून डोळे मिटायचात आणि मी म्हणायचे, "आवरा, देवाचं पोट भरलं, आता भक्ताचं बघा." तुम्ही एक डोळा उघडून माझ्याकडे बघायचात. नऊला आपण जेवायचो, साडेनऊला मशीन सुरू.

पैसा आला की देव मागे पडतो म्हणतात. तुमच्याकडे देवाचं ताटच वाढत गेलं. दुसरं मशीन आलं तशी दुसरी भाजी आली. शेड मोठी झाली तशी कोशिंबीर, पुऱ्या. बनशंकरीला घर बांधलं आणि रोज एक गोड सुरू झालं. "त्यानं आपल्याला एवढं दिलं, मग त्याला कमी कसं वाढायचं गं?" मी म्हणायचे, "देवाला विचारलंत का? त्याला साखर झाली असेल." तुम्ही तोंड फिरवून हसायचात. मला पाठीवरून कळायचं.

साखर तुम्हालाच निघाली.

ताट वाढलं तसं आपलं जेवण नऊचं अकरावर गेलं, अकराचं बारावर. स्वयंपाकाला बाई ठेवू दिली नाहीत, देवाचं घरच्याच हातचं हवं. तोवर कॉफी तेवढी चालायची. कॉफीला देवाची हरकत नाही, हे कुणी ठरवलं हो? आणि एवढ्या वर्षांत एकदा तरी विचारलंत का, वत्सला, तुला भूक लागलीय का म्हणून? मीही उपाशीच उभी असायचे गॅसपाशी.

चेन्नईचा तो साहेब मोठी ऑर्डर घेऊन घरी आला होता. "स्वल्प बसा सार, देवाचं व्हायचंय," असं सांगून तुम्ही आत येऊन बसलात. तो तासभर बसला आणि उठून गेला. मी कपाळाला हात लावला. तुम्ही म्हणालात, "सरी, ठीक आहे, गेला तर गेला. त्याच्या आधीचा आत बसलाय." त्या दिवशी मी तुम्हाला चिडवलं नाही. अभिमान वाटला होता. तेवढं एक वाक्य बोलायला काय झालं होतं मला? राहूनच गेलं.

आता वाटीभर भात लावते. देवापुढे ठेवते, पाणी फिरवते. चिडवायला कुणी नाही म्हणून देवालाच चिडवते, "काय रे, एकटाच जेवतोस?" मग मलाच जेवण जात नाही.

तर उद्याचं वचन ऐका. ते वाक्य मी म्हणणार नाही, फोटोखालीही लावू देणार नाही. प्रशांतला खरं ते सांगेन, रागावला तर रागावू दे. आणि मी आहे तोवर या घरात देवाचंच आधी होईल, तुम्हाला हवं होतं तसं.

आता जे कधी बोलले नाही ते. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही नैवेद्याची वाट बघत देवघरापुढे पाटावर बसला होतात आणि तिथूनच खाली घसरलात. सकाळची गोळी पोटात, अन्नाचा कण नाही, अंग घामानं चिंब. मी साखर तोंडाशी धरली, तर दात आवळून विचारलंत, "नैवेद्य झाला?" शिरा अजून कढईत होता. मी म्हटलं, "झाला." तुम्ही लगेच तोंड उघडलंत.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, यापुढे नैवेद्य मी दाखवत जाईन, तुम्ही पेपर वाचा. मी लवकर उठते आता, नऊला सगळं होईल. कधी नव्हे ते ऐकलंत. नऊला तुमच्या ताटातल्या भातावर तुळशीचं पान असायचं. पान दिसलं की नैवेद्य झाला, असं तुम्ही धरून चालायचात. गोड तुम्हाला चालत नव्हतंच, त्यामुळे ते ताटात नाही याचं कधी नवल वाटलं नाही. ते पान मी स्वयंपाकघरातच ठेवत होते. तुम्ही कारखान्याला गेलात की मग गोड करायचे आणि देवाला वाढायचे. बाकीचं त्याच पातेल्यातलं, तुमचं जेवून उरलेलं.

आठ वर्षं, रोज, मुद्दाम. देव थांबला असता. मला तुम्ही हवे होतात.

तुमचीच,
वत्सला