वेणीचं टोक

ताई,

हे पत्र टाकणार नाहीये, म्हणून खरं लिहिते.

हे आपल्या दोघींना पोकर शिकवायला लागल्यापासून तीन रविवार झाले. तिन्ही वेळा माझ्या शिवणाच्या डब्यातली सगळी बटणं तू जिंकलीस. "ताईंच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. तुझं मात्र सगळं तोंडावर दिसतं," हे म्हणतात.

मला कळतं. हातात काही नसताना आव आणतेस, तेव्हा वेणीचं टोक बोटाला गुंडाळतेस, लहानपणी आईशी खोटं बोलताना गुंडाळायचीस तसंच.

काल माझ्याकडे तीन राजे होते. तू वेणी गुंडाळत होतीस. तरी मी पत्ते टाकून डाव सोडला. जिंकले असते, तर कसं ओळखलंस म्हणून ह्यांनी खोदून विचारलं असतं. मग दर रविवारी हे तुझ्या वेणीकडेच बघत बसले असते.

त्यापेक्षा बटणं गेलेली परवडली.

तुझी,
तोंडावर सगळं न दिसणारी धाकटी