लाडू जेवत नव्हता

तुमसर,
२ फेब्रुवारी २०२५

चि. दामिनी बेटा,

बाबाचे भरभरून आशीर्वाद. इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. थंडी ओसरू लागली आहे, सकाळचं धुकं मात्र अजून आहे. राइस मिलमध्ये धानाचा हंगाम जोरात आहे. माझ्या कपड्यांतून कोंडा जात नाही आणि तुझ्या आईची बोलणी चुकत नाहीत. सोबत जवसाची चटणी पाठवतो आहे, ती मेसच्या भाजीबरोबर बरी लागेल.

तुझी परीक्षा आटोपली म्हणून लिहायला बसलो. फोनवर सांगता आलं असतं, पण आपण बोलत असलो की आई स्वयंपाकघरात भांडी वाजवणं थांबवून ऐकत असते. आणि मला सांगायचं आहे ते तिच्याबद्दलच.

आधी लाडूचं सांगतो. तो आज ठीक आहे, तेव्हा घाबरू नकोस. पण दिवाळीनंतर त्यानं खाणं सोडलं होतं. तू विचारायचीस आणि मी ‘मजेत आहे’ म्हणायचो, ते खरं नव्हतं. घाबरला की अंगाचा गोळा करतो म्हणून तू त्या परदेशी अजगराचं नाव लाडू ठेवलंस. त्या दिवसांत तो सारखा लाडू होऊनच बसलेला असायचा. उंदीर समोर धरला की तोंड फिरवायचा. मला वाटलं, थंडी आहे, खाईल पुढे.

लक्षात आलं ते आईच्या. तुला ठाऊक आहे, तू गेल्यापासून ती लाडूच्या खोलीत लांबूनच झाडू मारायची आणि त्याचं नाव कधी घ्यायची नाही. एक दिवस मी मिलमधून आलो तर दारातच म्हणाली, “त्याच्या पाठीचं हाड दिसून राहिलं. तुमी पाह्यलं काय?”

मी पाहिलं. खरंच होतं. मी तुला फोन लावायला निघालो तर तिनं अडवलं. “तिले काही सांगू नोका. अभ्यास सोडून धावत येईन ते.”

दामिनी, त्याआधी कित्येक महिने तिनं घरात तुझं नावही काढलं नव्हतं. गुलाबमामानं आणलेलं स्थळ तू मोडून देहरादूनला शिकायला गेलीस, तेव्हापासून. मामाच्या शब्दावर तिनं होकार कळवला होता, साडी-चोळीचं बोलणंही झालं होतं. आंबागडला माहेरी ती त्यानंतर गेलीच नाही. तुझ्याशी फोनवर बोलायची नाही ती रागानं, असं मी समजत होतो.

तू जाताना नागपूरच्या ज्या प्राण्यांच्या डॉक्टर रिता मॅडमचा नंबर दिला होतास, त्यांना मी विचारलं. त्या म्हणाल्या, एकदा आणून दाखवा. मिलमधून सुट्टी कशी काढावी या विचारात मी असताना आई म्हणाली, “मी येतो संगं. तुमाले एकट्याले सांभाळणं होणार नाही.”

तुला हे वाचून खरं वाटणार नाही. शकुनमावशी गेली तेव्हा आई तिच्या बाजूलाच रोवणी करत होती. धानाच्या बांधीतल्या चिखलात साप दिसला नाही, दवाखान्यापर्यंत पोहोचणं झालं नाही. लहान बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन ती बैलगाडीत बसली होती. त्यानंतर अंगणात नुसती दोरी पडलेली दिसली तरी ती उचलायला मला हाक मारायची. त्याच बाईनं उशीच्या खोळीत बांधलेला लाडू टोपलीत ठेवला, बाजूला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवली आणि ती टोपली तुमसर रोड स्टेशनपासून नागपूरपर्यंत मांडीवर धरली. मी पिशवीत त्याच्या नोंदणीचा कागद घेऊन घामाघूम. शेजारच्या बाईनं विचारलं, “काय हाय जी टोपलीत?” आई शांतपणे म्हणाली, “पोरीची अमानत हाय.”

मॅडमनी त्याचं तोंड पाहिलं, छाती तपासली. आजार काही नाही म्हणाल्या. घर थंड, काचेची पेटी मोठी आणि मोकळी, त्यात येणारा-जाणारा डोकावतो. त्याला सुरक्षित वाटत नाही म्हणून तो खात नाही. मी विचारलं, तोंड उघडून भरवायचं का? तर म्हणाल्या, मुळीच नाही. ऊब द्या, अंधार द्या, अंगाला घासेल एवढी लपायला जागा द्या आणि हात लावू नका. आठवड्यातून एकदा खायला धरा. नको म्हणाला तर गुपचूप उचलून घ्या.

हे सगळं आईनं केलं. मी मिलमध्ये असायचो. तिनं पेटी समोरच्या खोलीतून स्वयंपाकघराशेजारच्या कोठीत नेली, तीन बाजूंनी जुनं लुगडं लावलं. एका फुटक्या मडक्याची कड दगडानं घासघासून गुळगुळीत केली आणि त्याचं त्याला घर करून दिलं. लाईट गेली की पेटीखालची तापायची गादी बंद पडते, म्हणून चुलीवर पाणी ठेवलेलंच असायचं. काचेवरचा तापमानाचा आकडा ती दर थोड्या वेळानं जाऊन पाहायची. बघायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवायची. नाकाला पदर लावून, बर्फात ठेवलेला मेलेला उंदीर कोमट पाण्यात गरम करून, लांब चिमट्यात धरून ती त्याच्यापुढे बसायची. तो तोंड फिरवायचा. ती म्हणायची, “बरं, राहू दे. पुढच्या हप्त्यात पाहू.” चिडली नाही, रडली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्याकडे मी असा थांबून कधी पाहिलं नव्हतं.

संक्रांतीला गुलाबमामा आला. कोठीत पेटी पाहून त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, “बाई, ज्या पोरीनं आपली मान खाली घालाले लावली, तिचा साप पोसून राहिली तू? शकुनले विसरली काय?”

मला वाटलं, आता ही कोसळणार. ती तिळगुळाचं ताट खाली ठेवून समोर बसली.

“शकुनले कशी विसरीन, गुलाब? माह्याच मांडीवर गेली ते. पण याच्यात जहर नाही. अन् पोरीनं मान खाली नाही घातली आपली. तिनं नाही म्हटलं. मले कधी नाही म्हणणं जमलं नाही. तिले जमलं.”

मामा जेवला. निघताना कोठीच्या दाराशी थांबून लुगड्याच्या फटीतून आत पाहिलं आणि चप्पल घालून गेला.

बेटा, तुझी आई तुझ्यावर रागावलेली नव्हती. काय बोलावं ते तिला सुचत नव्हतं. तू जे केलंस ते तिला किती मोठं वाटतं, हे मलाही त्या दिवशीच कळलं.

आणि मागच्या रविवारी, दिवेलागणीला, लाडूनं मडक्यातून डोकं बाहेर काढलं. जीभ लपलपवली. आई चिमटा धरून बसली होती, मी उंबऱ्यावर. एकदम त्यानं झडप घातली, वेढे घातले. आई दचकून मागे पडली, पण तोंडातून आवाज काढला नाही, तो घाबरेल म्हणून. पूर्ण गिळून होईपर्यंत ती तशीच जमिनीवर बसून होती. मग हात धुऊन बाहेर आली आणि खाटेवर बसून पदरात तोंड घालून रडली. मी पाणी दिलं. जरा वेळानं म्हणाली, “तिकडे लय थंडी असते काय हो?”

काल मी विचारलं, आता दामिनीला कळवू ना? म्हणाली, “कळवा. अन् लिहा, होळीले येऊन आपला साप आपण पाहावा. माह्यानं किती दिवस होणार?”

मी शब्दाला शब्द लिहिला आहे. तिकीट लवकर काढ, होळीला गाड्यांना गर्दी असते.

तुझा बाबा,
जागेश्वर

ता. क. आई पत्र मागते आहे. वाचून पाहते म्हणाली. वरचं काही खोडलेलं दिसलं तर ते तिनं खोडलं असं समज. नसलं, तर ते तिचंही म्हणणं आहे.