जांभळाचा बिनसाखरेचा केक

माळेगाव, २१ जून १९५८

दुपारभर वाळूच्या पातेल्यात, वरखाली निखारे ठेवून, कणीक आणि जांभळाचा गर घालून केक भाजला. बिनसाखरेचा. यांना मधुमेह. पायाच्या अंगठ्याची जखम महिना झाला भरत नाही, डॉक्टर पाय कापायची भाषा करतात. आणि संध्याकाळी पाहते, तर यांच्या मिशीत साखरेचे कण!

"जांभळंच गोड निघाली," म्हणाले. माझ्या तोंडावर!

धाकटी जाऊ तोंडाला पदर लावून हसली. "आक्का, आबा काय बैल हायती का, पेंड खायला? मीच भुरभुरली वाईच साखर."

वाईच? मिशी भरली होती! मीच फार कडक वागते का? नाही. साखरेचा डबा कुलपात घातला. दोघांनी अबोला धरलाय. धरोत. उद्या पुन्हा हाच केक. शिव्या द्याव्यात खुशाल, पण दोन्ही पायांवर उभं राहून.