राखेवर ठेवलेली टाकी

बाबा, तुमच्या जीपची टाकी परवा खाली उतरवली. पंधरा वर्षं ती जीप मोर्शीच्या गोठ्यात उभी होती, तुम्ही गेलात तेव्हापासून. भाऊ भंगारात घालायला निघाला होता, पण माझ्या मुलीने हट्ट धरला की आजोबांची जीप मीच चालवणार. वीस वर्षांची आहे ती, कुणाचं ऐकत नाही. म्हणून टेम्पोला बांधून अकोल्याला ओढून आणली. हौस तिची, माझी नाही. मला त्या जीपचं तोंडही पाहायचं नव्हतं.

जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, टाक्यांची भोकं झाळून बुजवणारे एक चाचा आहेत. टाकी घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "चाचा, याले खालून जुनं भोक हाय. बाबानं अमरावतीले झाळून घेतलं होतं. तेच पयले पाहा." चाचांनी टाकीत सोड्याचं गरम पाणी ओतलं, दोन मुठी खडी टाकली आणि पाळण्यासारखी हलवत बसले. तीन वेळा विटेच्या रंगाचं पाणी निघालं. मग काठोकाठ साधं पाणी भरून त्यांनी टाकी चाळलेल्या राखेवर ठेवली. म्हणाले, "दुपारून या. थेंब पडला की राखेत खड्डा दिसते. जुनी झाळ कुठं सुटली, लगेच समजते."

दुपारपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले आणि तो दिवस आठवत राहिले. तसा तो मी विसरलेच कधी होते म्हणा. अमरावतीला नर्सिंगची मुलाखत आहे, अकरा वाजता. मी आईची निळी साडी नेसले आहे, कागदांची पिशवी मांडीवर आहे. लांब जायचं असलं की तुम्ही टाकीत कपाशीच्या पऱ्हाटीची काडी बुडवायचात, कारण डिझेलचा काटा कधीचाच बंद पडला होता. काडी कुठवर भिजली ते पाहायचं काम लहानपणापासून माझं. त्या दिवशी मी काडी घेऊन आले तर तुम्ही म्हणालात, "राहू दे, हाय भरपूर." अर्ध्या वाटेत जीप आचके देऊन थांबली. तुम्ही खाली वाकून पाहिलंत. "टाकी फुटली, पोरी," म्हणालात. भोकात भरायला जवळच्या घरातून कपडे धुण्याचा साबण मागून आणलात, जीपखाली शिरलात आणि फेसाळलेले हात घेऊन बाहेर आलात. मग कॅन उचलून डिझेल आणायला निघालात. जाताना म्हणालात, "गाडीजवळच थांब. सामान जाईन."

मी थांबले. एक एस.टी. गेली, मागून दुसरी गेली. दुसरीच्या ड्रायव्हरने मला पाहून वेगही कमी केला होता. मी हात केला नाही, कारण तुम्ही थांब म्हणाला होता. तुम्ही दीड वाजता आलात. डिझेल ओतलंत, इंजिनातली हवा काढलीत, दहा मिनिटांत जीप सुरू केलीत आणि मोर्शीकडे वळवलीत. त्याच संध्याकाळी अकोल्याची मंडळी मला पाहायला आली. मी त्याच निळ्या साडीत पोहे दिले. दोन महिन्यांत लग्न झालं. तुम्ही सगळ्यांना सांगत फिरलात, पोरीचं नशीबच तसं, ऐन वक्ताले टाकी फुटली. मीही तेच सांगत आले. मुलीला झोपवताना गोष्ट म्हणून सांगितलं मी ते, बाबा. टाकी फुटली नसती तर तुझी आई पांढऱ्या कपड्यांत दवाखान्यात फिरली असती.

दुपारी चाचांनी टाकी उचलली. खालची राख जशी पसरली होती तशीच होती, पिठासारखी कोरडी. त्यांनी टाकी उलटी करून चारही अंगांनी बोट फिरवलं. "ताई, याले कधी भोकच पडलं नाही. कंपनीचा रंग हाय खालून. झाळ कुठंच नाही." मी म्हटलं, टाकी बदलली असेल. मग मीच वाकून पाहिलं. कोपऱ्यात पोचा होता, सात वर्षांची असताना मी वीट मारून पाडलेला. त्यासाठी तुमची एक चापट खाल्ली होती मी. टाकी तीच होती.

म्हणजे साबण तुम्ही धडधाकट पत्र्याला चोळलात. मी पाहत होते म्हणून चोळलात. डिझेल मुळातच कमी होतं, म्हणून तर काडी बुडवू दिली नाहीत. काय नाटक वठवलंत बाबा, शाबास! त्या साली विहिरीने तळ गाठला होता, संत्र्याची झाडं उभ्या उभ्या वाळत होती, तुम्ही जेवताना ताटाकडे बघत नव्हता, हे मला आठवतं. बागेचं काही खरं नाही, निदान पोरगी मार्गी लागू दे, असं तुमच्या मनात आलं असेल. मग तसं सांगायचं होतं. मी भांडले असते, रडले असते, बहुतेक हरलेही असते. पण समोरासमोर हरले असते. तुम्ही मला रस्त्याच्या कडेला पिशवी धरून राखणीला बसवलंत आणि वर माझ्या नशिबाला बोल लावलात. बावीस वर्षं मी त्या पत्र्याला शिव्या दिल्या. त्याची काहीच चूक नव्हती.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं मोकळं लिहिते आहे. आता उरलेलं एक सांगते. चाचा टाकी बांधायला लागले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "खालून एक ठिगळ मारून द्या." ते माझ्याकडे पाहतच राहिले. "भोक नाही तर ठिगळ कायले, ताई? चांगल्या पत्र्याले मी हात लावत नाही." मी म्हटलं, "मारा चाचा. घरी दाखवाचं हाय." मग त्यांनी पत्र्याचा तुकडा कापला, भट्टी पेटवली आणि ठिगळ झाळून दिलं.

काल मुलीने टाकी बसवण्याआधी उलटी करून पाहिली. ठिगळावर बोट ठेवून म्हणाली, "आई, इथूनच गळली होती ना?" मी हो म्हणाले. तुमची अब्रू राखायला नाही, बाबा. माझ्या बापाने मला जाणूनबुजून रस्त्यात बसवलं, हे तिला सांगायची मला लाज वाटली.