सव्वीस जनावरं आणि मनुबाई

ता. पाटण,
माघ लागला आहे. (तारीखही घातली असती, पण कॅलेंडरच्या त्या चौकोनावर तुझ्या वहिनीनं, मनुबाईनं, म्हशीच्या लसीची एवढी मोठी फुली मारली आहे की आकडा दिसत नाही.)

चि. सौ. चंद्राबाईस,

वयानं मोठा म्हणून तुझ्या दादाचे आशीर्वाद, आणि तू मेट्रन होऊन रिटायर झालीस नि मी नुसता हवालदार, म्हणून एक कडक सलाम. दोन्हीतलं जे लागू पडेल ते ठेवून घे. बाळासो दाजींचा गुडघा कसा आहे? जिना चढू नका म्हणावं, आणि चढलेच तर तू घरात नसताना चढा म्हणावं, म्हणजे बोलणी तरी बसणार नाहीत. तिकडं सांगलीत, विश्रामबागेत थंडी आहे का? इकडं सकाळी नदीवरनं असं धुकं येतं की ऊसतोडीचा ट्रॅक्टर आधी गाण्यावरनं कळतो, मग दिसतो. आम्ही सगळे खुशाल आहोत. (असं पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलं. पुढं वाच.)

फोन असताना दादानं पत्र का लिहिलं म्हणशील. फोनवर तू विचारतेस, बरं आहे ना. मी म्हणतो, व्हय. मग दोघं मिळून हवेबद्दल बोलतो आणि ठेवतो. दिवाळीपासून तू तीनदा विचारलंस, राणीचं काय ठरलं. तिन्ही वेळा मी 'बघू' म्हणालो. माझी नात यंदा दहावीला. तिला पुढं सायन्स घेऊन नर्सिंगला जायचं आहे, आणि इथं राहून ते होणार नाही, सांगलीलाच यावं लागणार. तिचा बाप, आपला राजवर्धन, पलटणीतनं फोनवर सांगतो की आबा म्हणतील ते. म्हणजे बंदूक माझ्या खांद्यावर. आणि आबा गेले सहा महिने 'बघू' म्हणतायत. या पत्रात त्या 'बघू'चं काय झालं ते आहे, पण मला सरळ सांगता येत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा चहा ठेव आणि बस.

झालं असं, की आपल्या हायस्कुलात नववी-दहावीला आरोग्यसेवा नावाचा विषय सुरू झाला. हाडांची नावं, रोगांची नावं, दवाखान्यात कोण कोण काय काम करतं, सगळं त्यात. शिकवायला एक चुणचुणीत बाई आल्या होत्या, त्यांचं लग्न ठरलं आणि त्या पुण्याला गेल्या. मग हेडमास्तर भाऊसो सर आमच्या दारात. म्हणाले, आबा, तुमी चोवीस वर्षं फौजेच्या मेडिकलमध्ये काढली, तुमच्याशिवाय कोण हाय? एवढं कुणी म्हटल्यावर माझी छाती किती फुगते ते तुला ठाऊकच आहे. मी ट्रंकेतनं जुना बेल्ट काढला, बुटाला पॉलिश मारलं आणि सोमवारी वर्गावर हजर झालो. अठ्ठावीस पोरं. मी आत पाऊल टाकलं आणि सवयीनं 'सावधान' ओरडलो, तर शेजारच्या वर्गातले गणिताचे सरसुद्धा उभे राहिले.

शब्द शिकवायची माझी पद्धत साधी. शेवटी 'आयटिस' आलं की सूज, सुरुवातीला 'कार्डिओ' आलं की काळीज, पुढचं तुमचं तुम्ही जोडा. पोरं हुशार गं! आठवड्यात तयार झाली. मग मी नाडी मोजायला शिकवली, आणि तिथं चुकलो. दुसऱ्या दिवशी डेअरीवर दूध घालायला जावं तर रांगेत प्रत्येकाचा हात कुणीतरी धरलेला. शिवतेज म्हणून एक नग आहे वर्गात, त्यानं केरबाची नाडी मोजली आणि तोंड वाकडं करून 'शहाण्णव' म्हणाला, बाकी काही नाही. केरबा तिथनं जो घरी गेला तो घोंगडं पांघरून तीन दिवस उठला नाही. ऊसतोड दारात आलेली, आणि हा जावयाला बोलावून घ्या म्हणतोय. शेवटी मी जाऊन त्याला बांधावरनं पळवत नेलं आणि परत मोजली. एकशे तीस भरली, तेव्हा कुठं त्याला पटलं की ती वर-खाली होत असते.

मग आला करिअरचा धडा. फळ्यावर मी सगळी कामं लिहिली. लॅबवाला, एक्स-रेवाला, फिजिओथेरपिस्ट, ऑपरेशन थिएटरचा माणूस, नर्स, आहार सांगणारी बाई, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. ज्याला जे व्हायचं त्यानं समोर नाव लिहा म्हटलं. सगळी पोरं ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरवर तुटून पडली, भोंग्यापायी. प्रांजल नावाच्या मुलीनं यादीत नसलेलंच काम सांगितलं. तिला दवाखान्यात टेबलाशी बसून नावं पुकारणारी बाई व्हायचंय, कारण तिनं पुकारलं की सरपंचसुद्धा उठून उभा राहतो. (माझ्या चोवीस वर्षांत मला असलं काही सुचलं नाही.) राणी शेवटी उठली. नर्सपुढं तिनं स्वतःचं नाव लिहिलं, आणि त्याच्या खाली, मोठ्या अक्षरात, 'हंबीरराव आजोबा'. वर्ग हसला. मी पुसायला डस्टर उचललं आणि परत ठेवलं. खोटं काय होतं त्यात? नर्सिंग असिस्टंट, असंच होतं माझ्या पे-बुकावर. जखमा धुतल्या, शौचाची भांडी दिली-काढली, जवानांची अंगं पुसली. गावाला मात्र मी सांगत आलो की मेडिकलमध्ये आहे, आणि लोक मला निम्मा डॉक्टर समजत आले, आणि मी समजू दिलं.

चंद्रे, त्या दिवशी मला आपलं सगळं आठवलं गं. आपल्या बांडी शेळीचा पाय मोडला होता, तेव्हा तू उसाच्या दोन चिपाडांत तो बांधला होतास, बाबांच्या नव्या पटक्याची पट्टी फाडून. मार मी खाल्ला, कारण मी मोठा. शेळी मात्र चालली. आणि मला बाभळीच्या काट्यानं इंजेक्शन दिलंस, 'हलू नको, लहान पोरासारखं वागू नको' म्हणत. कोपराच्या आत तो डाग अजून आहे. फौजेत भरती होताना डॉक्टरनं विचारलं, हे काय? मी सांगितलं, बहिणीनं टोचलंय. तो लय हसला.

आणि एक्क्याऐंशी साल. तू म्हणशील, तो विषय आपण कधी काढला नाही, आता कशाला? पण काढतोय. तुझं नर्सिंगच्या ट्रेनिंगचं बोलावणं आलं तेव्हा मी सुट्टीवर होतो. लग्नाला तीन महिने झालेले, मिशी नवीन, अक्कल त्याहून नवीन. परक्या माणसांची घाण काढायला आपल्या घरची पोरगी जाणार नाही, असं मी चावडीवर ओरडून सांगितलं. (तेच काम करून मी सुट्टीवर आलो होतो! नखातला डेटॉलचा वाससुद्धा गेला नव्हता.) ते पत्र मी माझ्या काळ्या ट्रंकेत टाकलं, कुलूप लावलं, किल्ली घरात नीट ठेवायला देऊन टाकली आणि निवांत झोपलो. तिसऱ्या दिवशी सकाळी तू सांगलीच्या गाडीत, पत्र तुझ्या पिशवीत. ते आईनंच काढून दिलं असणार. आपली आई दगडाबाई तसलीच होती, बोलायची काही नाही आणि करायची ते करायची. मी तिच्याशी दोन वर्षं नीट बोललो नाही. ती गेली तेव्हाही मी बॉर्डरवर. आता कुणाला सांगू की आई, तुझंच बरोबर होतं?

असो. डोळ्यांत धुकं गेलं. आता मुख्य गोष्ट.

प्रॅक्टिकल म्हणून मी पोरांना केस हिस्टरी लिहून आणायला सांगितली. मला वाटलं, हुकूम कसा नेमका पाहिजे. म्हणून फळ्यावर लिहिलं: गेल्या वर्षभरात घरात जो आजारी पडला आणि ज्याला डॉक्टरनं घरी येऊन तपासलं, त्याची. नाव, वय, तक्रार, ताप, आहार, औषध, सेवा कुणी केली. शनिवारी वह्या जमा. पहिली उघडली. नाव: गौरी. वय: तिसरं वेत. तक्रार: दोन दिवस रवंथ नाही. व्यवसाय: दूध देणे. दुसरी उघडली, तिथं खोंड. तिसरीत म्हैस, निदान 'मास्टायटिस', आणि कंसात, कासेची सूज. अगदी अचूक! चौथीत घराण्याची माहिती: हिची आईसुद्धा लाथ मारत होती. चंद्रे, एक पोरगं गैरहजर, राहिली सत्तावीस, त्यातली सव्वीस जनावरं! तापाचे आकडे दिवसातनं दोनदा घेतलेले, औषधांच्या वेळा लिहिलेल्या, रात्री कोण उठलं त्याचं नावसुद्धा. मी टेबलावर काठी आपटली. माणसांची केस मागितली होती, गोठ्याची नाही! शिवतेज उभा राहिला आणि अगदी गरिबासारखा म्हणाला, "आबा, माणसासाठी डॉक्टर घरी कोण आणतंय? म्हशीला मातूर लगेच फोन करत्यात."

सत्ताविसावी वही राणीची. जशी आहे तशी उतरवतो. नाव: मनुबाई. वय: बासष्ट. तक्रार: गोठ्यापासून घरापर्यंत तीनदा बसावं लागतं. कधीपासून: विचारलं तर म्हणते, मला काय हुतंय. नखं पांढरी. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, आतून पांढरी. संध्याकाळी पायांवर सूज, बोट दाबलं की खड्डा. नाडी एकशे आठ. आहार: सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते. डॉक्टरकडं शेवटची भेट: माझ्या बाबांच्या जन्माच्या वेळी. घरात वैद्यकीय शिक्षण झालेली व्यक्ती: आजोबा, नर्सिंग असिस्टंट, चोवीस वर्षे. त्यांनी तपासले का: नाही. डॉक्टर घरी आला का: आला होता, म्हशीसाठी.

मी वर्ग सोडून दिला. एवढ्या जवानांच्या पापण्या ओढून पाहिल्या, आणि माझ्या ताटात चाळीस वर्षं भाकरी वाढणारा हात पांढरा पडलेला मला दिसला नाही. लाज वाटली गं, फार लाज वाटली.

घरी जाऊन मनुबाईला म्हटलं, हात दे. तिनं हात पदराखाली घेतला. म्हणाली, आवं, कायतरीच काय, दार उघडं हाय! (नाडीसाठी म्हटलं तरी पटेना.) शेवटी पाटणला नेऊन रक्त काढलं. हिमोग्लोबिन साडेसहा. तू आता खुर्चीतनं उठली असशील, बस खाली. गोळ्या सुरू केल्या आहेत, पण डॉक्टर म्हणाला, मोठ्या ठिकाणी लवकर दाखवा, रक्त कुठं जातंय ते बघायला पाहिजे. सांगलीला जायचं म्हटलं तर ही पाय रोवून उभी. आधी म्हैस व्यायची होती. ती व्याली. मग रेडकू लहान. मग एके दिवशी चुलीपुढनं, मान वर न करता म्हणाली, "राणीला व्हय म्हणा, मग मी येते." एवढंच. मी रागावलो, समजावलं, दोन दिवस जेवलो नाही. (चुलतभावाकडं जेवलो.) ती काही ढळली नाही. स्वतःच्या जिवाची पैज लावलेली माणसं मी फौजेतसुद्धा थोडीच पाहिली.

बाकी काही विशेष नाही. दाजींना नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद. गुडघ्याला गरम पाण्याचा शेक.

तुझा दादा,
हंबीरराव

ता. क. मी व्हय म्हणालो. काल सकाळी, हेडमास्तरांच्या समोर, सगळ्या वर्गात. आवाज जरा बारीक आला, पण पोरांनी ऐकला. तेव्हा मागणं असं: जूनपासून राणीला तुझ्याकडं ठेवून घे. एक कोपरा पुरे. एक्क्याऐंशी साली मी तुझी जी वाट अडवली ती तिची नको. तू नाही म्हणालीस तरी मला तुझा राग येणार नाही, तो हक्क मी तेव्हाच घालवला.

ता. क. २. मनुबाईला सोमवारच्या गाडीनं आणतोय. स्टँडवर ये. तिला आकडा साडेसहाच सांग, पण तोंड साडेदहाचं ठेव.

ता. क. ३. (आजी सांगतेय, मी राणी लिहितेय. आजोबा केरबा आज्यांची नाडी मोजायला गेलेत.) वन्सं, नमस्कार. माझी काळजी करू नका. वहीतलं सगळं मीच राणीला सांगितलं, तिनं नुसतं लिवलं. ह्यांना माणूस दिसत न्हाई, फारम भरून दिला की दिसतो. आन् त्या पत्राचं पाप सासूबाईंच्या नावावर लय वर्षं खपलं, आपण दोघी गप बसलो. ह्यांना अजून उमगलं न्हाई. आताबी म्हणाले, पाकीट तू चिकटव, तुझ्याकडं नीट राहील. तवा ट्रंकेची किल्ली देताना असंच म्हणाले होते. तीच ट्रंक धुऊन उन्हात ठेवलीया, राणीची कापडं भराय.