आवतन कोणाकडचं

बाबा, यंदा नदी पुन्हा गावात आली. तुमच्या वेळी आली होती तशीच, नाल्यातून उलटी, आवाज न करता. नाल्यानं नदीला मिळायचं, तर नदीच नाल्यात शिरली. सकाळी लोकांनी पाहिलं तेव्हा बसथांब्याजवळच्या माझ्या दाढी-कटिंगच्या दुकानातल्या खुर्चीची पाठ तेवढी पाण्यावर दिसत होती. तुमच्याशी एवढं लांब मी कधी बोललो नाही. तुम्ही गेलात तेव्हा मला मिसरूड नुकतीच फुटली होती आणि आपल्या घरात बाप-लेक कामापुरतंच बोलायचे. लिहायला बसलं की शाळेतली भाषा येते, ती तुम्हाला परकी वाटेल. पण लिहायची म्हणून माझ्याजवळ तीच एक आहे.

पाणी होतं तोवर गाव चांगलं होतं. हे वाक्य लिहून मी थांबलो, कारण ते बरं वाटत नाही, पण खरं आहे. सगळे शाळेच्या स्लॅबवर होतो. आता गावात दोन पक्ष आहेत, एक सरपंचाचा आणि एक माजी सरपंचाचा. दोघं एकाच बाकावर शिकलेले, आणि मागच्या निवडणुकीपासून एकमेकांच्या सावलीलाही न जाणारे. पण त्या दिवशी सरपंच वणीला अडकलेला, आणि त्याच्या म्हाताऱ्या आईला कमरेएवढ्या पाण्यातून पाठीवर घेऊन आला तो माजी सरपंच. बुढी पाठीवरून त्याला म्हणत होती, "म्या तुले मत देल्लं नाही रे. खाली तं नाही टाकशीन?" आणि तो धापा टाकत म्हणाला, "टाकलं तं पुढच्या बारीले कोनाचं मत मांगू, काकू?" स्लॅबवरची माणसं भिजलेल्या अंगानं हसत सुटली. मोटारसायकली दुरुस्त करणारे आपले चाचा ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बाज बांधून फेऱ्या मारत होते. एकेका फेरीत लेकरं, शेळ्या, एक शिवणयंत्र. मारोतीच्या कोठीतले तांदूळ, कोणाची तुरीची डाळ, चाचीचं तिखट, असं सगळं एका मोठ्या पातेल्यात, गंजात पडलं. कोणी कोणाला काही विचारलं नाही. मी भात ढवळत होतो आणि मनात रामनाम चाललं होतं. मला वाटलं, देवानं गाव धुऊन काढलं.

पाणी उतरलं, चिखल राहिला, सोयाबीनचा कुजका वास राहिला, आणि वणीहून गाड्या येऊ लागल्या. दुसऱ्या दिवशी शाळेसमोर एक मांडव पडला, संध्याकाळपर्यंत मारोतीसमोर दुसरा. शाळेजवळचा सरपंचाचा, मारोतीजवळचा माजी सरपंचाचा. ताडपत्री एकाच रंगाची, तांदूळ एकाच बाजारातले, बॅनरवरचे चेहरे तेवढे वेगळे. दोन्ही बॅनरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, भोजन वाटप.

'वाटप' हा शब्द वाचला आणि बाबा, माझा हात आपोआप कानाकडे गेला. तोच कान तुम्ही धरला होता. मी पाचवीत असेन. तेव्हाही पूर येऊन गेला होता आणि माणसं आपापल्या पडक्या घरात परतली होती. मारोतीसमोर खिचडीचा गंज चढला होता, पण घरंदाज माणसं यायला तयार नव्हती. ज्यांच्या घरी सालभराचं धान्य असायचं, त्यांनी ताट घेऊन रांगेत कसं उभं राहायचं? उपाशी बसली होती घरात, दार लोटून. तेव्हा तुम्ही बगलेत धोकटी मारली. दाढी कोणाची करायची नव्हती, वस्तरा गंजला होता, पण धोकटीशिवाय तुम्ही गावात कधी फिरलाच नाहीत. दुसऱ्या हातात मला धरलंत आणि लग्नाचं बोलावणं करायला जावं तसं पहिल्या दारात उभं राहून म्हणालात, "आज मारोतीपाशी जेवन हाये. चूलबंद आवतन हाये बरं, घरी कोनी चूल पेटवाची नाही."

मला हसू आलं. घराघरांत चुलीचा चिखल झालेला. पुढच्या दारी मीच आधी ओरडलो, "मारोतीपाशी खिचडी वाटून राह्यले, या!" तिथंच तुम्ही माझा कान धरलात. "वाटून राह्यले म्हनतेत का रे? जेवाले बसाचं हाये, असं म्हन." मी रडत म्हटलं, "पन बाबा, चुली तं पान्यानंच बंद केल्या, मंग चूलबंद कायले?" तुम्ही मला रस्त्याच्या कडेला घेतलंत आणि हळू आवाजात सांगितलंत, "न बोलावता जेवला तं मांगता. बोलावल्यावर जेवला तं पावना. आन आवतन देनाऱ्यानं घर सोडाचं नाही. येक घर सोडलं तं आवतन फुटलं." कोणी विचारलं कोणाकडून, तर तुम्ही एवढंच म्हणायचात, "गावाकडून." शेताच्या धुऱ्यावरून कोर्टात गेलेले दोन भाऊ त्या दिवशी एका पंगतीत बसले. बोलले नाहीत, पण एकानं मिठाची वाटी दुसऱ्याकडे सरकवली. ते मी पाहतो आहे, अजून.

यंदा मी दुकानातला चिखल खरवडत होतो तेव्हा सरपंच आला. खुर्ची धुऊन दिली, तो बसला, मी फेस लावला. म्हणाला, "उद्या साहेब येऊन राह्यले वणीवरून. मांडवात गाव दिसलं पाह्यजे. नुसतं माईकवर सांगितलं तं लोक येत नाहीत, लाजतेत. तुह्या बाबाचा मान हाये. तू चूलबंद देऊन ये."

मला बरं वाटलं, खोटं का बोलू. इतक्या वर्षांत चूलबंद कोणी मागितलं नव्हतं. हल्ली लोक मोबाइलवर पत्रिका पाठवतात. मी विचारलं, "साऱ्या गावाले नं?"

"साऱ्या गावालेच. फक्त मारोतीपाशी जे जेवून राह्यले त्यायच्या घरी कायले जातं? ते का येनार हायेत?"

वस्तरा त्याच्या गळ्यावर होता. अशा वेळी आपल्या माणसानं वाद घालू नये हे तुम्हीच शिकवलंत. मी म्हणालो, "पाहतो."

तो गेला आणि थोड्या वेळानं माजी सरपंच त्याच खुर्चीवर येऊन बसला. त्याचाही पाहुणा उद्याच येणार. त्यालाही चूलबंद हवं होतं. त्यालाही शाळेपाशी जेवणारी घरं नको होती. "तिकडचे तं त्याच्या ताटातलेच हायेत, तू कायले पाय झिजवतं?" मी पुन्हा म्हणालो, "पाहतो."

तुम्ही कधी 'पाहतो' म्हणत नव्हता. एक तर 'हाव', नाही तर 'नाही जमत मालक'. आपल्याकडे मान खाली घालून म्हटलेलं 'पाहतो' हे 'हो' असतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. दिवस मावळायच्या आत दोन्ही मांडवांतून सांगणं सुरू झालं की चूलबंद आपलं आहे, उद्या मी त्यांच्याकडून निघतो आहे. चाचा दाढी नीट करायला आले ते हसतच आले. "काय बे, दोन दोन नवरीची वरात येकट्यानं काढतं म्हन्ते उद्या?" मी कात्री उचलली. तेच पुढे म्हणाले, "मले बी दोघायनं बोलावलं, भाई. म्हन्ते चाचा, येताना ट्यूब घेऊन या. अरे, जेवाले ट्यूब कायले लागते?" त्यांचा ट्यूबवरचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला होता. फोटोत ट्यूब हवी होती. चाचा हसत होते, पण आरशात डोळे हसत नव्हते.

घरी बायको म्हणाली, "पाहतो म्हन्जे काय पाहता तुमी? येकाकडं गेले तं अर्धं गाव दाढी कराले वणीले जाईन. आन तेही जाऊ द्या. ज्याच्या दारात तुमी जानार नाही, त्याच्या लग्नात, मयतीत उभं कोन्या तोंडानं राहान?" तिनं बरोबर बोट ठेवलं होतं. आपलं घर तेवढ्यावरच उभं आहे, बाबा. शेत नाही, वाडी नाही. गावातलं कुठलंही दार आपल्याला पाहून लागत नाही, एवढीच आपली इस्टेट. दिवेलागणीला मारोतीपुढे उभा राहिलो. बाजूच्या मांडवातला माईक चालू होता. देवाला काय मागावं तेच सुचेना.

सकाळी मी ठरवलं की तुम्ही केलं तेच करायचं. एकही घर सोडायचं नाही आणि 'गावाकडून' म्हणायचं. लोक दोन्ही मांडवांच्या मधे आले की पुढचं मारोती पाहील. पहिल्या दारात म्हटलं, "आज चूलबंद आवतन हाये." घरधनी गमछा खांद्यावर टाकत म्हणाला, "हाव, पन शाळेपाशी का मारोतीपाशी?" मी म्हटलं, "गावाकडून हाये." तो माझ्याकडे पाहत राहिला, जणू मीच काही लपवतो आहे. दुसऱ्या दारात बाई हात जोडून म्हणाली, "आमी तिकडं जेवतो, भाऊ. तुमाले तं मालूम हाये. उगाच आमचं नाव कोनाच्या कानावर जाईन." आणि तिनं दार लोटलं. जोरात नाही, हळूच. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर एक दार लागलं.

तिसऱ्या घरी ती बुढी, सरपंचाची आई, उंबऱ्यावरचा चिखल खुरप्यानं काढत बसली होती. तुमचं आवतन तिनं त्या वेळी घेतलं होतं. मी म्हटलं, "काकू, चूलबंद हाये. गावाकडून."

तिनं खुरपं थांबवलं. "कोन्या गावाकडून रे, बापा?" टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारत होती. "तुह्या बाबाच्या वक्ती येक होतं. आता म्या पोराच्या मांडवात जेवू का ज्यानं मले पाठीवर आनलं त्याच्या? तूच सांग, तसं करतो." मग म्हणाली, "बस, चहा मांडतो."

मी बसलो नाही.  तिथून मी माघारी फिरलो. पुढे चाचांचं घर होतं, त्यापुढे सगळं गाव होतं. घरी येऊन गोधडी डोक्यावरून घेतली आणि बायकोला म्हणालो, "कोनी आलं तं ताप आला म्हन."

दुपारी दोघंही आले, बाबा. आवतन का निघालं नाही हे पाहायला सरपंच आला आणि तो दारात उभा असतानाच मागून माजी सरपंच. मी गोधडीत होतो. बायकोनं मी सांगितलं तसंच सांगितलं.  मग सरपंचानं आत येऊन गोधडी बाजूला केली आणि माझ्या कपाळावर हात ठेवला. उकाड्यात गोधडी घेतल्यावर जे होतं ते झालं होतं. "आंग तं तापलंच हाये लेकाचं."

"पाहू," दुसरा म्हणाला आणि त्याचाही हात आला. "हाव बे. पुराचं पानी पेला असन."

"विहीर उपसली नाही नं अजून," तोच पुढे म्हणाला.

"कशी उपसनार? मोटर बुडाली पंचायतीची."

"माह्यी आन. चालू हाये." हे माजी सरपंच म्हणाला.

"पाईप हाये माह्यापाशी," सरपंच म्हणाला.

दोघं माझ्या उशाशी उभं राहून विहिरीचं बोलत होते. निवडणुकीनंतर त्यांना एकमेकांशी बोलताना मी ऐकलं ते पहिल्यांदा. माझा घाम डोळ्यांत उतरत होता, पण मी हललो नाही. उठून बसलो असतो तर दोघांनीही एकदमच विचारलं असतं, मग आवतन कोणाचं? ते गेल्यावर दोन्ही मांडवांतून डबे आले. बायकोनं दोन्ही उघडून पाहिले. खिचडी सारखीच होती. "कोनता खाता?" तिनं विचारलं. तापातल्या माणसाला खिचडी कशी चालेल, असं म्हणून मी उपाशी राहिलो. त्या दिवशी दोन्ही मांडवांत अर्धं अर्धं गाव जेवलं असं ऐकलं. चाचा कुठंच गेले नाहीत. बुढीही नाही.

विहीर मात्र उपसली गेली. मोटर एकाची, पाईप दुसऱ्याचा. मांडव निघाले, बॅनर अजून आहेत. आता निवडणूक जवळ आली आहे आणि दोघांच्याही मनात पुन्हा चूलबंद आहे, हे मला त्यांच्या मानेवरून हात फिरवताना कळतं. हा कागद कुठं ठेवावा ते समजत नाही. मारोतीच्या पायाशी ठेवणार होतो, पण तिथं सकाळ-संध्याकाळ दोघंही येतात. पाठवायचा तर तुमचा पत्ता नाही. राहील इथंच, आरशाच्या मागे.

एक सांगायचं राहिलं. ताप आला नव्हता, हे तुम्हाला कळलंच असेल. बायकोलाही माहीत आहे. पण तेव्हापासून दोघंही दुकानावरून जाताना थांबतात आणि विचारतात, "कसं हाये आता?" कधी कधी एकाच वेळी थांबतात. मग एक औषधाचं नाव सांगतो, दुसरा त्या औषधाला नावं ठेवतो, आणि दोघं मिळून मला वणीच्या दवाखान्यात न्यायचं ठरवतात. आणि मी, धडधाकट माणूस, मान खाली घालून सांगतो की अजून बरं वाटत नाही.