साखरेचं लिहू नका

पिपलानी, भोपाळ
४ जानेवारी १९८७

ती. आईला कमलचा नमस्कार, बाबांनाही सांग.

तुझा गुडघा कसा आहे? इकडे आम्ही बरे आहोत. ह्यांना थोडी साखर निघाली आहे, पण गोळी सुरू आहे आणि रोज कारखान्यात जातात. काळजी करू नकोस.

मिसरोदचे चौबळ म्हणून विमा एजंट आहेत, ह्यांच्या ओळखीचे. परवा आले आणि म्हणाले, "वहिनी, जुनी पॉलिसी मोडा. नवीत फायदा जास्त."

मी विचारलं, "आणि ह्यांची साखर?"

"ते लिहू नका हो. कोण बघतंय?"

"उद्या काही झालं, तर हेच खोटं दाखवून पैसे नाकारतील ना?"

ते ह्यांच्याकडे वळून हसले, "भाभीजी तो वकील निकलीं!" मी म्हटलं, कागद ठेवून जा, वाचून कळवू. तर कागद पिशवीत परत गेले. जुनी पॉलिसी आजाराआधीची आहे, ती मी मोडू दिली नाही. घरी आलेल्या माणसाचा अपमान केला म्हणून हे दोन दिवस धड बोलले नाहीत.

आता मुद्द्याचं. बाबांना फंड मिळाल्याचं ह्यांच्या तोंडून निघून गेलं आणि चौबळांनी अमरावतीचा पत्ता लिहून घेतला. संक्रांतीला येतील, जावयाचं नाव सांगतील. चहा दे, तिळगूळ दे, पण बाबांना कशावरही सही करू देऊ नकोस. त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. तू म्हण.

लगेच एक कार्ड टाक.

तुझी
कमल